सुईणीच्या घरातला उसना पाळणा

या मंडळी, या. भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनी जरा पुढे सरका. कथा ऐकायची तर सांगणाऱ्याचा श्वास ऐकू आला पाहिजे. आज तुम्हाला एका पाळण्याची गोष्ट सांगतो. एकच दार असलेल्या, कुलूप लावलेल्या खोलीतून तो नाहीसा झाला आणि एका भल्या बाईच्या माथी चोरीचा आळ आला. आरंभी भगवंताचं नाव घेऊ. लपलेलं हुडकण्यात त्याच्यासारखा तरबेज कोणी नाही, आणि लपण्यातही नाही. झाला पूर्वरंग. आता कथेला हात घालतो.

१

"ताई, पाळणा नाही! अहो ताई, पाळणा नाहीये!"

किल्ल्या सांभाळणाऱ्या किल्लीमावशींची ही आरोळी ऐकली आणि सगळं घर जागच्या जागी थबकलं. जिन्यावर संवाद घोकणारी नटी अर्ध्या वाक्यात थांबली. माळ्यावरचा सुतार हातोडी उगारलेल्या हातानेच खाली वाकून बघू लागला.

घर म्हणजे खरं घर नव्हे बरं का. ते एक जुनं कापसाचं गोदाम, आणि त्याच्या पोटात उभं केलेलं नाटक. या नाटकात खुर्च्यांच्या रांगा नाहीत, दर्शनी पडदा नाही, उंच रंगमंच नाही. प्रेक्षकाने दार ढकलायचं की तो थेट एका सुईणीच्या घरात. स्वयंपाकघरात हिंडा, माळ्यावर चढा, हवा तो खण उघडा, पलंगावर बसा. सुईण आणि तिच्या घरची माणसं तुमच्या खांद्याला खांदा घासून जातील आणि आपलं सुखदुःख जगत राहतील.

हे घर उभं केलं ते कलादिग्दर्शिका ताईंनी. त्यांचे नियम दोन, आणि दोन्ही कडक. पहिला असा की या घरात रंगवून दाखवलेलं काही चालायचं नाही. खुंटी दिसली तर तिला पिशवी अडकवता आली पाहिजे, माठ दिसला तर त्यात गार पाणी हवं. "हात लावल्यावर उघडं पडेल असं माझ्या घरात काही नको," असं त्या येताजाता बजावायच्या. दुसरा नियम असा की दर खोलीत एक वस्तू खऱ्या घरातून उसनी आणलेली असायची, कोणाचं तरी आयुष्य जिला घासून गेलंय अशी. त्या उसन्या वस्तूला ज्याचा धक्का लागेल त्याने दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही.

बाळंतिणीच्या खोलीतली उसनी वस्तू म्हणजे हा पाळणा. तुळईच्या कड्यांना साखळ्यांनी टांगलेला, लाकडी. तो दिला होता एका डॉक्टरीणबाईंनी. अर्धं गाव त्यांच्या हातून जगात आलेलं. आदल्याच दिवशी त्या स्वतः पाळणा घेऊन आल्या आणि किल्लीमावशींच्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, "जपा हं." आज पहिला प्रयोग, आणि आजच्या पहिल्या पाहुण्या त्याच.

आता खोलीत तुळईच्या दोन कड्या तेवढ्या होत्या. रिकाम्या.

निर्माते धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की ओरडायचा, आणि पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तो सकाळपासून घाबरलेलाच होता.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, साहेब."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

"जेवण झाल्यावर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाळणा बघितलाय. मग कुलूप तुम्ही लावलंत आणि तुम्हीच उघडलंत. आता तुम्हीच सांगा, मी कोणाला चोर म्हणू?"

घराच्या मधोमध एक अंगण रचलेलं होतं. तिथे सगळ्यांसमोर त्यांनी मावशींची पिशवी उलटी केली. पाळणा काही पिशवीत मावत नाही, पण रागाला कुठे माप असतं? पिशवीतून चष्म्याचं घर पडलं, डबा पडला, घरून आणलेलं विणकाम पडलं. मावशी खाली वाकल्या आणि एकेक वस्तू उचलू लागल्या. मदतीला कोणाचाही हात पुढे आला नाही.

"दिवेलागणीला डॉक्टरीणबाई येतील," निर्माते म्हणाले. "तोवर पाळणा कड्यांना टांगलेला दिसला नाही, तर पोलिसांना बोलावणार. किल्ल्या इकडे द्या."

मावशींनी कमरेच्या जुडग्याला हात घातला. गाठ काही केल्या सुटेना.

"राहू द्या तो तिथेच," मागून आवाज आला. "दिवेलागणीला अजून वेळ आहे ना?"

२

हा आवाज ताईंच्या आत्याचा.

आत्याबाईंचं सगळं आयुष्य विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेलेलं. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेल्या आणि कधीच न गेलेल्या मोटारी. आता निवृत्त झाल्या होत्या आणि भाचीचं नाटक बघायला म्हणून पाहुण्या आल्या होत्या. अंगाने लहानखुऱ्या, चालीला चपळ, आणि उत्साह असा की दुसऱ्याच्या घरचं गळकं छप्पर बघूनही यांचे डोळे लकाकायचे.

"आत्या, तू यात नको पडूस," ताई हळूच म्हणाल्या.

"अगं, पडायला काय झालंय? मिठाईच्या दुकानात मुंगीला ये म्हणायला लागतं का?" असं म्हणत त्यांनी पदर खोचलासुद्धा. "मावशी, चला. खोली दाखवा."

खोली साधीच. दार एक. डाव्या भिंतीला खिडकी, उजव्या भिंतीला खिडकी, पण दोन्ही फसव्या. दुधी काचांच्या मागे भिंत, आणि भिंत आणि काच यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत दिवा. तोच इथला सूर्य. दारातून बघितलं की समोरच्या भिंतीपाशी, बरोबर मधोमध, पाळणा टांगलेला असायचा.

"सांगा. अगदी पहिल्यापासून."

मावशींनी नाक पुसलं. "काल दुपारी पाळणा आला. काय चमकत होता हो, आरशासारखा! मी आणि सुतारांनी मिळून टांगला. संध्याकाळी गेरूभाऊंनी पलंग आणि पेटारा बाहेर काढला, रात्री उशिरा फरशीला रंग दिला आणि ते मागे सरकत सरकत दाराबाहेर आले. दार त्यांनीच ओढून घेतलं. मी कुलूप लावलं."

"आज?"

"आज सकाळी दार उघडलं. रंग ओला होता, म्हणून उंबऱ्यावर आडवी फळी लावली आणि वाळवायला मोठा पंखा ठेवला. तेव्हापासून मी बाहेर स्टूल टाकून बसलेली. जेवलेसुद्धा तिथेच. फळी कोणी ओलांडली नाही, देवाशपथ. येणारा उंबऱ्यातून डोकावायचा आणि जायचा."

"आणि पाळणा?"

"दिसत होता की समोर!"

"पुढे?"

"जेवणानंतर पंखा काढला आणि गेरूभाऊंना हाक मारली, बघा वाळलं का. ते आत गेले. धूळ येईल म्हणून दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आले, म्हणाले, वाळलंय. दार ओढलं, मी कुलूप लावलं, आणि गाद्या आणायला ताईंकडे गेले. परत येऊन दार उघडलं, तर..." मावशींनी रिकाम्या कड्यांकडे बोट दाखवलं.

"गेरूभाऊ बाहेर आले तेव्हा हातात काय होतं?"

"त्यांचं कापड. खाली अंथरायचं असतं ते. गुंडाळून काखेत मारलेलं. एवढंच. त्यात पाळणा लपेल कसा हो? पाळणा केवढा, गुंडाळी केवढी!"

खरंच की! उशीच्या अभ्र्यात हत्ती भरता येतो का?

आत्याबाई समोरच्या भिंतीशी गेल्या. तळहात हळूहळू फिरवू लागल्या आणि एका जागी थांबल्या. मग दुसऱ्या. मग खाली वाकून तिसऱ्या.

"खिळ्यांची भोकं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "ताजी. कडेचा चुना अजून भुसभुशीत आहे." त्या वळल्या, आणि डोळे असे लकाकत होते की मावशी दचकल्याच. "मावशी, या भिंतीवर काही टांगलं होतं?"

"काहीच नाही. भिंत उघडीच ठेवायची, असं ताईंनी ठरवलेलं."

३

पहिला सापडला तो प्रकाशयोजनाकार. त्याला सगळे काजवा म्हणत. दिवसभर कुठल्या ना कुठल्या अंधाऱ्या फटीत तो लुकलुकत असे.

"मी तर आत पाऊलही टाकलं नाही, आत्याबाई," तो शिडीवरूनच म्हणाला. "ताईंनी सकाळी उशिरा सांगितलं, या खोलीत सकाळ नको, संध्याकाळ हवी. म्हणून जेवणाआधी डाव्या खिडकीमागचा दिवा काढला आणि उजव्या खिडकीमागे नेला. मागच्या बोळातूनच. पुढे येऊन बघणार, तेवढ्यात जिन्यावरचा दिवा गेला. तिकडे जो अडकलो तो अजून अडकलोय."

"उंबऱ्यापाशी गेलाच नाहीस?"

"पंखा ठेवायला मावशींना मदत केली, तेवढंच. आणि पंखा म्हणजे काय राक्षस! लावल्या लावल्या माझी टोपी उडून बोळाच्या टोकाला गेली."

"गेरूभाऊ माणूस कसा आहे?"

काजवा हसला. "सोनं! पण बिचारे इथे वाया चाललेत. अहो, पूर्वीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे ते. राजवाडे, अरण्यं, नदीचे घाट. म्हणतात, त्यांनी पडद्यावर रंगवलेल्या पायऱ्या चढायला एका नटाने खरंच पाय उचलला आणि नाक फोडून घेतलं! आता इथे काय, तर नव्याला जुनं करायचं. सुताराने कोरी पेटी आणली की ती तारेच्या ब्रशने खरवडायची, ज्योतीने चटके द्यायचे, काजळी चोळायची. पेटी लगेच पणजोबांच्या वयाची. पण पडदा रंगवायचा नाही. ताईंचा नियम."

मग ताई. त्या जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या.

"पोरी, तू आज पाळणा बघितलास?"

"सकाळी. पंखा लावल्यावर लगेच. दारात उभी राहिले आणि इतकं बरं वाटलं, आत्या. सगळ्या धावपळीत तो पाळणा तेवढा निवांत होता. हलत नव्हता, डुलत नव्हता. जसं काही आत बाळ नुकतंच झोपलंय."

"अस्सं," आत्याबाई म्हणाल्या. भाचीच्या पाठीवरून त्यांचा फिरणारा हात मधेच थांबला.

निर्माते अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"माझी काय साक्ष घेताय? मी जेवण झाल्यावर गेलो, उंबऱ्यात उभा राहिलो, पाळणा बघितला. डोळ्यांनी! आणि मला कलेतलं कळत नाही असं सगळे म्हणतात, पण काय देखणं दिसत होतं ते! उजव्या खिडकीतून सोन्यासारखा उजेड येत होता, आणि पाळण्याची लांब सावली भिंतीवरून त्याच खिडकीकडे गेलेली."

"त्याच खिडकीकडे? नक्की?"

"अहो, तिच्या चौकटीला टेकली होती सावली. मी म्हटलं, वा!"

आत्याबाई एकदम टाळी वाजवून उभ्या राहिल्या. "निर्मातेसाहेब, तुम्हाला कलेतलं कळो न कळो, तुमचे डोळे देवाने अगदी मन लावून केलेत."

निर्मात्यांना ही स्तुती आहे की टोमणा, ते काही उमगेना.

४

गोदामामागे, परसाच्या पलीकडे, गेरूची रंगखोली होती. हात सदा तांबूस, म्हणून तो गेरू. खरं नाव त्याच्या बायकोलाच काय ते आठवत असेल. खोलीत खुर्च्या, पेटारे, मोडक्या चौकटी, उपडी खोकी यांचा डोंगर. गेरू लाकडाच्या एका काळपट, उपड्या धुडासमोर बसला होता. आत्याबाई त्यावरच टेकायला गेल्या.

"त्यावर नका बसू!" तो ओरडलाच. मग ओशाळून म्हणाला, "ओलं आहे. साडी खराब होईल."

"बरं बाबा." त्या स्टुलावर बसल्या. "तू आत गेलास तेव्हा पाळणा होता?"

"लक्ष नाही गेलं. मी फरशी बघत होतो."

"तुळईला टांगलेला एवढा मोठा पाळणा, आणि लक्ष नाही?"

"खाली बघणाऱ्याला वरचं कुठे दिसतं, बाई?"

"आणि ते कापड? गुंडाळलेलं?"

"पुसलं, भिजलं. टाकून दिलं." उत्तरं लहान होती आणि नजर खिडकीकडे. खिडकीतून अंगणाचं दार दिसत होतं, आणि त्याच्या आत एका कडेला, सगळ्यांपासून लांब, मावशी बसल्या होत्या.

आत्याबाई परतल्या. ऊन उतरायला लागलं होतं. त्यांनी ताईंना, निर्मात्यांना, काजव्याला आणि मावशींना स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बोलावलं. फडताळातून एक कप काढला आणि टेबलावर ठेवला.

"काजव्या, तुझी विजेरी काढ. डावीकडून धर. सावली कुठे पडली?"

"उजवीकडे."

"आता उजवीकडून धर. सावली?"

"डावीकडे. अहो, हे तर..." आणि काजव्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या आधी कोणाला कळणार? सगळा दिवस सावल्यांत काढलेला माणूस तो.

"हे काय चाललंय?" निर्माते वैतागले. "चोर शोधताय की शाळा भरवताय?"

"जेवणाआधी याने दिवा उजवीकडे नेला. तुम्ही गेलात जेवणानंतर. मग पाळण्याची सावली डावीकडे सरकायला हवी होती. ती मात्र दिवा जिथे आहे तिकडेच तोंड करून उभी! आणि सकाळी टोपी उडवणारा पंखा समोर गरगरतोय, तरी साखळ्यांवरचा पाळणा तसूभरही हलत नाही. ज्याची सावली दिव्याला जुमानत नाही आणि ज्याचं अंग वाऱ्याला जुमानत नाही, त्या पाळण्याला काय म्हणायचं?"

त्यांनी कप उचलून फडताळात ठेवला.

"पाळणा आज दुपारी चोरीला गेलाच नाही," आत्याबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून तो त्या खोलीत नव्हताच."

५

"मग आम्ही बघितलं काय?" निर्माते किंचाळले.

"चित्र."

ताई ताडकन उठल्या. "शक्य नाही! माझ्या घरात रंगवलेलं काही..."

"तिथेच तर सगळे फसलात, पोरी! दुसऱ्या कुठल्याही नाटकात लोकांना आधी हीच शंका आली असती. पण तुझ्या नियमाने सगळ्यांना एवढी सवय लावली, की या घरात जे दिसतं ते खरं, हे तुम्ही गृहीत धरून बसलात. आणि रंगवलेलं खरं वाटायला काय लागतं? बघणारा एकाच जागेवर उभा हवा. ओल्या फरशीने तुम्हाला सगळ्यांना उंबऱ्यात उभं केलं. फरशी कोणी रंगवली?"

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "गेरूभाऊ."

"काल संध्याकाळी पलंग, पेटारा बाहेर काढताना त्यात पाळणाही गेला. मग रात्री रंगवलेलं कापड भिंतीला ठोकलं, खिळ्यांची भोकं अजून ताजी आहेत. कापडावर पाळणा, साखळ्या, आणि काल जो दिवा होता त्या दिव्याची सावली. दिवा उद्या जागा बदलेल हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! आज फरशी वाळली. आता माणसं आत जाणार, हात लावणार. म्हणून दार लोटून कापड उतरवलं आणि काखेत मारून घेऊन गेला. मावशी, तुम्ही म्हणालात गुंडाळीत पाळणा कसा लपेल. जो तुम्ही सगळ्यांनी बघितला होता, तो बरोबर तेवढ्याच गुंडाळीत लपतो."

"पण का?" ताईंचा आवाज फुटला. "गेरूभाऊ चोर नाहीत गं, आत्या!"

"चोर असता तर इथे थांबला नसता. मावशी, पाळणा आला तेव्हा कसा होता म्हणालात?"

"आरशासारखा चमकत."

"आणि या घरात कोरी करकरीत, चमकणारी लाकडी वस्तू आली, की तिचं काय करतात?"

काजवा शिडीसारखा ताठ उभा राहिला. "अरे देवा. त्यांनी त्याला जुनं केलं!"

आता कोण थांबतंय! सगळे पळत सुटले. परसातून, रंगाच्या डब्यांवरून, वाळत घातलेल्या चिंध्यांखालून. सगळ्यांच्या पुढे किल्लीमावशी, जुडगा छन् छन् वाजतोय. त्यांनी रंगखोलीचं दार धाडकन उघडलं.

गेरूने ते काळपट धूड आता सुलटं केलं होतं. तो पाळणाच होता. चमक सगळी खरवडलेली, कडा जळालेल्या, अंगभर काजळी. एका हातात लाकडातल्या भेगा बुजवायच्या लांबीचा गोळा, दुसऱ्या हातात पातं. आणि तो पाळण्याच्या काठावर लांबी भरायला वाकला होता.

६

त्याने हातातलं खाली ठेवलं नाही. ठेवायचं सुचलंच नाही.

"मला वाटलं सुताराचा नवा आहे," तो म्हणाला. "एवढं पॉलिश! अर्धा खरवडला, चटके दिले, आणि काठावरचं पॉलिश निघालं तर खाली या खळग्या दिसल्या. नव्या लाकडाला अशा खळग्या कुठून येणार? तेव्हा कळलं, हा तर उसना. माझ्या पायाखालची वाळूच सरकली, ताई. म्हटलं, एक दिवस मिळाला तर सगळं बुजवून, घासून, पुन्हा होता तसा चकचकीत करीन. सकाळपासून घासतोय, काजळी निघत नाही. एवढ्या खळग्या बुजवल्या की..."

"त्या बुजवू नका."

सगळे वळले. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. दिवेलागण अजून व्हायची होती, पण पहिल्या प्रयोगाला लवकर यायची हौस कोणाला नसते? दारातून आत आल्या तर ही मंडळी परसातून पळताना दिसली, म्हणून त्यांच्या मागोमाग त्या आल्या होत्या.

त्या पुढे आल्या. जळालेल्या कडांकडे, काजळीकडे त्यांनी बघितलंही नाही. काठावर ओळीने उमटलेल्या बारक्या खळग्यांवर त्यांनी बोट ठेवलं. एकेक करून सगळ्यांवर.

"माझ्या मुलीचे दात," त्या म्हणाल्या. "दात येत होते तेव्हा उभी राहून काठ चावायची. नुसता भुगा करायची. पहिल्या वाढदिवसापर्यंत राहिली नाही ती." मग त्या हसल्या, आणि हसताना डोळे भरून आले. "नाटकात पाळणा जाणार म्हणून मी नीट करायला दिला. पॉलिशवाल्याने हौसेने सगळ्या खळग्या बुजवून टाकल्या. त्याला वाटलं, मी खूश होईन. मी काय बोलणार? म्हटलं, आता हा दुकानातल्या पाळण्यासारखाच एक पाळणा. द्यायला काय हरकत आहे." त्यांनी गेरूकडे बघितलं. "तुम्ही त्या परत उघडल्यात."

गेरूच्या हातातलं पातं खाली पडलं.

मंडळी, भगवंत कोणत्या हाताने काय करून घेईल, सांगता येत नाही. चुकलेल्या हातालाही तो कामाला लावतो. पण म्हणून चूक माफ होते का? थांबा, अजून एक हिशेब राहिलाय.

"माझ्या पाळण्याला धक्का लागला असं मी मुळीच म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या. "हा आहे असाच टांगा." ताईंनी होकाराची मान हलवली. निर्मात्यांनी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! सगळे हसायला लागले, काजव्याने गेरूच्या पाठीवर थाप मारली.

किल्लीमावशी हसल्या नाहीत.

"गेरूभाऊ," त्या म्हणाल्या, "अंगणात माझी पिशवी उलटी केली, तेव्हा तू कुठे होतास?"

हसणं विरलं. "इथेच."

"दिसत होतं?"

"दिसत होतं."

"ऐकू येत होतं?"

गेरूने मान खाली घातली. "मला वाटलं, पाळणा परत टांगला की तुझ्यावरचं आपोआप..."

"आपोआप पुसायला मी काय फरशी आहे?" मावशींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पाळणा परत आला असता, तरी लोक म्हणालेच असते, की पोलिसांना घाबरून म्हातारीने परत ठेवला. माझ्या नातवंडांपर्यंत पोचलं असतं ते. तू चांगला माणूस आहेस, म्हणून तर जास्त लागलं."

गेरू उठला, परस ओलांडलं, आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. सुतार, नटनट्या, कपडे सांभाळणाऱ्या मुली, सगळ्यांना त्याने हाका मारून गोळा केलं. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेला माणूस तो. चार लोकांसमोर बोलायची सवय नाही. पण बोलला. काय केलं, का केलं, आणि मावशींवर आळ आला तेव्हा आपण खिडकीशी कसे गप्प उभे होतो, ते सगळं. मोठ्याने. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग मावशींपाशी जाऊन हात जोडले. मावशींनी ते हात धरले आणि म्हणाल्या, "जा, धुऊन ये. सगळी काजळी मला लावलीस." तेव्हा कुठे अंगणात पुन्हा हसू उमटलं.

उरले निर्माते. ते कॉलर सारखी करत आले. "मावशी, माझ्याकडूनही जरा... घाईत झालं. झालं गेलं विसरून जा."

"विसरते, साहेब," मावशी म्हणाल्या. "मला विसरता येतं. लक्षात तुम्ही ठेवायचं."

आणि त्या वळून दाराकडे निघाल्या, कारण बाहेर प्रेक्षकांची गर्दी झाली होती आणि दार उघडायचं काम त्यांचं होतं.

प्रयोग कसा रंगला म्हणता? अहो, लोक बाहेर पडायलाच तयार नव्हते! बाळंतिणीच्या खोलीत तर जो जाई तो काठावरून बोट फिरवी आणि गप्प होई. पण ते कौतुक इतरांनी सांगावं. माझी गोष्ट इथे थांबते, आणि जाता जाता एकच मागणं मागतो. देवापुढे हात जोडाल, घरच्यांसाठी, आल्यागेल्यासाठी दोन शब्द मागाल, तेव्हा त्या मावशींचीही आठवण असू द्या. आळ आला तेव्हा ज्यांच्या बाजूने कोणी उठलं नाही, आणि आळ गेल्यावर ज्यांनी कोणावर डूख धरला नाही. नुसतं "मावशी" म्हणालात तरी पुरे. त्याला बरोबर कळतं.